पाटीखालची वायर

धाकटीच्या कपाळावरची शीर उडायला लागली की खुशाल समजावं, बाहेर भाऊजी कुणाला तरी आपला स्टुडिओ दाखवताहेत. दाखवायला होतं काय तिथे? काचेचं शोकेस, त्यात फ्रेमा, फ्रेमांत अनोळखी लोकांची हसरी कुटुंबं, काउंटरवर भाऊजींच्या नावाची ॲक्रिलिकची पाटी आणि तिच्या शेजारी कोरा करकरीत कॉम्प्युटर. त्या कॉम्प्युटरवर बिलं निघायची आणि उरलेला वेळ भाऊजी पत्ते खेळायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, सगळी करामत याच मशीनवर होते. भाऊजीही तसं वाटू द्यायचे.

करामत व्हायची ती पडद्यामागे. जाड मळखाऊ कापडाचा पडदा, त्याच्यामागे जिन्याखालची खोली, उंच माणूस ताठ उभा राहिला तर टाळकं आपटेल अशी. तिथे एक टेबल, एक स्टूल आणि भाऊजींनी मनसोक्त वापरून झाल्यावर धाकटीला 'दिलेला' लॅपटॉप. 'दिला' हा शब्द ते असा उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, किडनीच काढून दिली. घरात दोन भाऊ. थोरले भाऊजी व्हिडिओ काढायचे, धाकटा म्हणजे हिचा नवरा फोटो काढायचा आणि भाऊजींचे दिवे उचलायचा. दोघांनी काढून आणलेलं सगळं कापायचं, जोडायचं, रंग-आवाज नीट करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या लायकीचं करायचं, ते काम धाकटीचं. पाटीवर नाव एकट्या भाऊजींचं.

लॅपटॉप वाईट नव्हता, हे तीही कबूल करायची. दणकट होता, कीबोर्डच्या कळा अजून मऊ चालायच्या. दुखणं एकच, त्याचे यूएसबी पोर्ट जुन्या जमान्यातले होते. शूटिंग आटोपलं की कॅमेऱ्याच्या कार्डातलं सगळं हार्ड डिस्कवर उतरवायचं, आणि ते उतरता उतरता इकडे डाळ शिजायची, जेवणं व्हायची, घासलेली भांडी वाळायची, तरी स्क्रीनवरची हिरवी पट्टी अर्ध्यावरच. कॅमेरा नवा, कार्ड नवं, डिस्क नवी, आणि मधला रस्ता तेवढा बोळातून. काउंटरवरच्या कॉम्प्युटरला वेगवान पोर्ट होते. कॉपी तरी तिथे करू द्या, असं तिनं एकदा सोडून चारदा सांगून पाहिलं. भाऊजींचं म्हणणं पडलं, गिऱ्हाइकासमोर वायरी लोंबलेल्या बऱ्या दिसत नाहीत. आणि वर त्यांचा ठेवणीतला शब्द: "सबुरी ठेव गं. घाई कसली?"

ती काही बोलायला गेली की दुसरा शब्द तयार असायचा. "आवाज खाली." पडद्यामागचं बाहेर ऐकू जातं, हे त्याचं कारण. हा शब्द घरभर पसरला होता. सासूबाई म्हणायच्या, जाऊबाई म्हणायच्या, आणि शेवटी नवराही म्हणायला लागला. त्या दिवशी धाकटीला रडू यायला हवं होतं, पण संताप आला. तेव्हापासून तो कधी पुरता उतरलाच नाही.

एकदा अशीच हिरव्या पट्टीकडे बघत बसलेली असताना तिनं लॅपटॉप उचलून त्याच्या अंगाखांद्याकडे नीट पाहिलं. डाव्या कडेला एक पातळ, रुंद फट होती. भाऊजींनी लॅपटॉप देताना सांगितलं होतं, ही व्हिजिटिंग कार्ड ठेवायची जागा. साहेबलोकांसाठी असते. तिनं तेव्हा मान डोलावली होती. आता तिनं मॉडेलचं नाव घालून शोधलं, तेव्हा कळलं की त्या फटीत ॲडाप्टर कार्ड बसतं. एका कडेला दोन वेगवान यूएसबी पोर्ट, दुसरी कडा सरळ लॅपटॉपच्या पोटात. म्हणजे जी गोष्ट नाही म्हणून ती सकाळच्या सकाळ वाया घालवत होती, तिचं दार इतकी वर्षं तिच्या डाव्या मनगटाशी उघडं होतं. तिनं कुणाला न विचारता कार्ड मागवलं. विचारलं असतं तर भाऊजींनी आधी आपल्या माहितीतल्या माणसाला विचारलं असतं, आणि त्या माणसानं अजून कुणाला.

कार्ड आलं, पण आत जाईना. अर्ध्यावर अडायचं. तिनं फिरवून पाहिलं, उलटं करून पाहिलं, मग टॉर्च मारून आत डोकावली. आत पांढरं काहीतरी होतं. भुवया कोरायचा चिमटा आणून तिनं ते हलक्या हातानं ओढून काढलं. भाऊजींचं व्हिजिटिंग कार्ड. सोनेरी अक्षरं, खाली कॅमेऱ्याचं चित्र. माणसानं खरोखरच तिथे आपलं व्हिजिटिंग कार्ड ठेवलं होतं, आणि ते आत सरकून अडकल्यावर विसरूनही गेला होता. ती एकटीच हसत सुटली. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, आवाज."

त्यानंतर ॲडाप्टर कार्ड खटकन बसलं. सोबत आलेला ड्रायव्हर प्रोग्राम तिनं घातला, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि एका पोर्टात कार्ड रीडर, दुसऱ्यात डिस्क लावली. पट्टी धावायला लागली. खरोखर धावायला. ज्याला दुपार लागायची ते चहा गाळेपर्यंत उरकलं. धाकटी उठून उभी राहिली आणि जिन्याला डोकं आपटून घेतलं, तरी तिला राग आला नाही.

त्या कार्डाची एकच गोम होती. डिस्कला जितकी वीज लागते तितकी त्या फटीतून मिळत नाही. म्हणून कार्डाबरोबर एक छोटी काळी वायर येते. एक टोक कार्डाच्या कडेच्या बारीक भोकात, दुसरं लॅपटॉपच्या जुन्या पोर्टात. ती काढली की डिस्कचा जीव जातो आणि चाललेली कॉपी तिथल्या तिथे तुटते. धाकटीनं हे घरात प्रत्येकाला सांगितलं. भाऊजींना तर वायर हातात धरून दाखवली, ही काढायची नाही. त्यांनी हं म्हटलं, आणि हे खेळणं किती दिवस टिकतं बघू, असं जाऊबाईंकडे बघून म्हटलं. धाकटीनं वायरीला लाल दोरा बांधून ठेवला.

लिलाववाले आले ते या सगळ्यानंतर. भाजीच्या घाऊक बाजारात ते लिलाव पुकारायचे. पहाटेपासून त्यांचा आवाज बाजाराच्या पत्र्यांखाली घुमायचा आणि बोली संपली की ते समोरच्या खोक्यावर तीनदा तळहात आपटायचे. तिसऱ्या थापेला माल विकला गेला. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. तारीख पडली होती. आवाज जाणार हे ठरलेलं होतं, आणि ते माणूस हे असं सांगत होतं जसं कुणी दाढ काढायची म्हणून सांगावं.

त्यांच्या बायकोनं मात्र आडपडदा न ठेवता सांगितलं, मुलगी लहान आहे, रात्री बाबांनी गोष्ट सांगितल्याशिवाय झोपत नाही, गोष्टी तेवढ्या भरून द्या. भाऊजींना हे काम फुटकळ वाटलं. तू कर, म्हणाले. हे एक बरं झालं.

धाकटीनं मागच्या खोलीत रजया टांगून आवाज घुमणार नाही असं केलं, कॅमेरा लावला, माइक त्यांच्या शर्टाला टोचला. लिलाववाले गोष्टी सांगायला बसले आणि पहिल्याच गोष्टीतला उंदीर वांग्याचा भाव विचारायला लागला. सवय जाईना. गोष्टीतला राजा बोली लावायचा, राक्षस बोली चढवायचा आणि शेवटी तीन थापा मारून राजकन्या घरी जायची. धाकटी कॅमेऱ्यामागे तोंडावर ओढणी दाबून हसत होती. मध्ये मध्ये त्यांचा घसा धरायचा, ते पाणी प्यायचे, पुन्हा उंदराचा आवाज काढायचे. सगळ्या गोष्टी त्यांनी एका दमात सांगून टाकल्या. थांबलो तर परत बोलता येणार नाही, म्हणाले. मग दुसऱ्या दिवशी ते परत आले. पोरीनं पाठवलं होतं. नुसत्या गोष्टी कशाला, रागावतात तेपण भरून आणा, असं तिचं फर्मान होतं. म्हणून लिलाववाले कॅमेऱ्याकडे बघून रागावले. दात घास. चपला सरळ ठेव. आईला उलट बोलू नकोस. अंधारात वाचू नकोस, डोळे जातील. उठून जाताना ते धाकटीला म्हणाले, "नीट सांभाळा, ताई. माझ्याकडे दुसरी प्रत नाही."

तिला ते सगळं त्याच दिवशी उतरवून घ्यायचं होतं. पण भाऊजींचं एक काम लॅपटॉपवर चढलेलं होतं, कुठल्या तरी शोरूमच्या उद्घाटनाचं, आणि ते आधी, म्हणजे आधीच. गोष्टी तशाच कॅमेऱ्याच्या कार्डात राहिल्या. सकाळी लिलाववाल्यांना शस्त्रक्रियेला आत घेतलं, आणि त्याच सकाळी धाकटीच्या वाट्याला लॅपटॉप आला. तिनं कार्ड रीडरला लावलं, डिस्क लावली, कॉपी सुरू केली. पट्टी धावायला लागली आणि वरून जाऊबाईंची हाक आली. त्यांच्या माहेरची माणसं आली होती, पाट-पाणी बघायला हात कमी पडत होते. धाकटी पाच मिनिटांत येते म्हणून वर गेली. गेली नसती तर काय झालं असतं, हा प्रश्न तिनं नंतर स्वतःला विचारला, आणि स्वतःलाच झापलं. माणसानं आपली खोली सोडून वर जाऊही नये की काय?

ती वर वाढत होती तेव्हा खाली भाऊजींना उजेड हवा होता. त्यांनी नावाच्या पाटीखाली लावायला दिव्यांची एक पट्टी आणली होती, ॲक्रिलिक आतून उजळणारी. पट्टीबरोबर वायर आली नव्हती. ते वायर शोधत पडद्यामागे आले आणि लाल दोरा बांधलेली, बरोबर त्याच मापाची वायर त्यांना समोर दिसली. त्यांनी ती उपटली. स्क्रीनवर काहीतरी सूचना आली, ती त्यांनी न वाचता बंद केली. हिरवी पट्टी गेली, म्हणजे कॉपी झाली. फाइल उघडून बघणं वगैरे त्यांच्या राज्यात नव्हतं. स्टुडिओचा नियमच होता, काम उतरलं की कार्ड लगेच पुसून पुढच्या कामाला घ्यायचं. मोठं कार्ड एकच होतं आणि दुसरं घ्यायला भाऊजी तयार नव्हते. त्यांनी कार्ड कॅमेऱ्यात घातलं, पुसलं आणि धाकट्या भावाला दिवे उचलायला लावून एका साहेबांच्या निरोप समारंभाला निघून गेले.

धाकटी खाली आली. टेबलावर डिस्क मुकी पडलेली. कार्ड नाही. वायर नाही. तिनं डिस्क जुन्या पोर्टात लावून पाहिली. रागावण्याच्या फाइली नव्हत्याच, तिथवर कॉपी पोचलीच नव्हती. गोष्टींची एकच लांबलचक फाइल होती आणि ती अर्ध्यात तुटलेली. अर्धी फाइल म्हणजे अर्ध्या गोष्टी नव्हेत. ती उघडतच नाही. तिनं तीन-चार प्रकारे उघडून पाहिली. मग ती पडदा सारून बाहेर आली, आणि काउंटरवर भाऊजींचं नाव निळ्या उजेडात झगमगताना दिसलं. खाली लाल दोरा.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिला ती गुडघ्यात, पोटात, घशात, प्रत्येक मुक्कामाला कळली. तिनं वायर ओढून काढली. नाव विझलं. सासूबाई म्हणाल्या, अगं आत्ताच लावलंय ते. ती ड्रॉवरकडे वळली. कारण एक गोष्ट तिला माहीत होती आणि वेळ हातातून चालला होता. पुसलेल्या कार्डातलं लगेच जात नाही. आत सगळं तसंच असतं, फक्त कॅमेऱ्याला ती जागा मोकळी दिसते. त्यावर नवीन भरलं जाईल तसतसं खालचं मरतं. म्हणजे त्या क्षणी कुठल्याशा सभागृहात कुणीतरी साहेब बोलत होता, आणि त्याच्या एकेका वाक्याखाली लिलाववाल्यांचा उंदीर चिरडला जात होता.

ड्रॉवरमधलं जुनं छोटं कार्ड मुठीत धरून ती धावत सुटली. भाऊजींना फोन लावत होती, ते कट करत होते. नवऱ्याला लावला, तर तो कुजबुजला की दादा चिडतील, कार्यक्रम चालू आहे.

सभागृहात पंखे गरगरत होते, पुढच्या रांगेत हार-तुरे घेतलेली माणसं, आणि माइकसमोर एक गृहस्थ "मी दोन शब्द बोलतो" म्हणून उभे राहिले होते आणि बसायचं नाव घेत नव्हते. मधल्या वाटेत भाऊजी कॅमेऱ्याला डोळा लावून उभे. कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका पेटलेला. धाकटी थेट त्यांच्यापाशी गेली. तिनं हलक्या आवाजात, हो, तेव्हाही हलक्याच आवाजात, सांगितलं की कॉपी तुटली आहे, लिलाववाल्यांचं सगळं या कार्डात आहे, हे दुसरं कार्ड घाला आणि ते मला द्या. भाऊजींनी डोळा काढला नाही. म्हणाले, कॉपी झाली होती, मी स्वतः बघितलं. तिनं परत सांगितलं. ते म्हणाले, भाषण संपू दे. तिनं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा आजूबाजूची डोकी वळली, आणि भाऊजी दात आवळून म्हणाले, "आवाज खाली. लोक बघताहेत."

माइकवरचे गृहस्थ आपल्या नोकरीच्या पहिल्या दिवसाकडे वळले होते. ती थांबली. तिला नंतर सगळ्यात जास्त राग याचा आला, की ती थांबली. सवयीनं. घरात जशी पडद्यामागे हात बांधून थांबायची तशी त्या भरल्या सभागृहात थांबली, लाल ठिपक्याकडे बघत, आणि गृहस्थ पहिल्या दिवसावरून पहिल्या पगारावर आले, पहिल्या पगारावरून पहिल्या बदलीवर. दिवा धरून उभा असलेला नवरा बुटांकडे बघत होता. मग गृहस्थांनी "आता मला एक गोष्ट आठवते" असं म्हटलं.

गोष्ट हा शब्द कानावर पडला आणि तिचा हात सुटला. तिनं भाऊजींच्या काखेखालून हात घालून बटण दाबलं, ठिपका विझला, कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, कार्ड काढलं, दुसरं तिथे ठेवलं आणि वळली. गृहस्थांची गोष्ट तोंडातच राहिली. मागे भाऊजी सगळ्यांना हसून काहीतरी तांत्रिक कारण सांगत होते. तोंडाला फेस येईपर्यंत हसत होते म्हणा ना.

स्टुडिओत येऊन तिनं ॲडाप्टरला वायर जोडली, कार्ड लावलं आणि पुसलेलं परत काढायचा प्रोग्राम सुरू केला. संध्याकाळपर्यंत ती स्टुलावरून हलली नाही. वरून कुणी हाक मारली, तिनं ओ दिली नाही. आधी रागावणं निघालं. पूर्ण, धडधाकट. दात घास, चपला सरळ ठेव, सगळं. तिनं डोळे पुसले आणि गोष्टी शोधायला लागली. गोष्टी कार्डाच्या सुरुवातीला होत्या, आणि सुरुवातीलाच साहेबांचा निरोप समारंभ बसला होता. एकही गोष्ट निघाली नाही. कितीही खणलं तरी तिथे तो गृहस्थच उभा होता, हातवारे करत.

त्या रात्री घरात जे झालं त्यात नवीन काही नव्हतं. भाऊजींच्या मते दोष त्या स्वस्तातल्या ॲडाप्टर कार्डाचा, ते असलं खेळणं कामाच्या मशीनला लावल्याचा. सासूबाईंच्या मते चारचौघांत असं वागणाऱ्या सुनेला काय म्हणावं हेच त्यांना कळत नव्हतं. जाऊबाई ताट वाढताना चमचा आपटत होत्या. धाकटीनं लाल दोऱ्याची वायर ताटांच्या मधोमध ठेवली आणि ही पाटीखाली कुणी नेली, एवढंच विचारलं. नवरा म्हणाला, झालं ते झालं. ती ताटावरून उठली.

लिलाववाल्यांना घरी सोडल्यावर ती दवाखान्यातून पत्ता घेऊन जाणारच होती. भाऊजींनी अडवलं. स्टुडिओच्या वतीनं बोलणं त्यांचं काम, ते स्वतः नीट समजावतील. ते इतक्या समजूतदारपणे म्हणाले की तिनं विश्वास ठेवला. काय बोलावं तिला? पण खरंच ठेवला.

भाऊजी काही गेले नाहीत, आणि टाके निघाल्यावर लिलाववाले स्वतःच आले. गळ्याभोवती पातळ रुमाल, त्याच्याखालून श्वासाचा बारीक फुसफुस आवाज. बायको बरोबर होती आणि मुलगी बायकोच्या पदराशी. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं पासपोर्ट फोटोंसाठी थांबलेली. पाटीखाली नव्या वायरीनं नाव पुन्हा उजळलं होतं. धाकटीनं पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि ऐकलं. भाऊजींचा आवाज साखरेत घोळलेला होता. सांगत होते की तांत्रिक बिघाड झाला, मशीन आहे, मशीनपुढे माणसाचं चालत नाही, गोष्टी दुर्दैवानं गेल्या, पण बाकीचं आम्ही वाचवलं, आणि त्यासाठी आम्ही काही घेणार नाही. 'आम्ही वाचवलं' असं म्हणाले ते.

लिलाववाल्यांचं तोंड उघडलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. बाजारभर ऐकू जाईल असं काहीतरी आतून वर आलं, हे कुणालाही दिसत होतं, आणि रुमालाखाली नुसती हवा सुटली. मुलीनं आईचा पदर घट्ट धरला.

धाकटी पडदा सारून बाहेर आली. म्हणाली, मशीन बिघडलेलं नव्हतं. नेहमीच्याच, खालच्या आवाजात म्हणाली, आणि पुढचं बोलायच्या आत भाऊजी न वळता म्हणाले, "आवाज खाली. गिऱ्हाईक आहे."

लिलाववाल्यांनी काउंटरवरच्या डब्यातून भाऊजींचं एक व्हिजिटिंग कार्ड उचललं, उलटं केलं, खिशातल्या पेनानं मागे काहीतरी लिहिलं आणि ते भाऊजींच्या नाकासमोरून नेऊन धाकटीच्या हातात दिलं. तिनं वाचलं. 'मला ओरडता येत नाही. तुम्ही ओरडा.'

ती ओरडली. इतक्या वर्षांत आपल्या आवाजाची लांबी-रुंदी किती आहे हे तिलाही माहीत नव्हतं. समोरच्या दुकानातला माणूस दारात आला. जिन्यावरून जाऊबाई अर्ध्या खाली आल्या आणि तिथेच थांबल्या.

"मशीन बिघडलं नाही. माझं कार्डही बिघडलं नाही. यांनी वायर उपटली. मी हातात धरून दाखवलेली, दोरा बांधलेली वायर यांनी चालू कॉपीतून उपटली, कारण यांना स्वतःच्या नावाखाली उजेड हवा होता. फाइल उघडून बघितली नाही. वर कार्ड पुसलं. मी मागायला गेले तर म्हणाले, लोक बघताहेत. तुमच्या मुलीच्या गोष्टी यांच्या नावाच्या पाटीनं खाल्ल्या. आणि मी तिथे उभी राहिले, आवाज खाली ठेवून. त्याची मला लाज वाटते. यांना वाटत नाही."

पासपोर्टवालं एक गिऱ्हाईक आपली पिशवी उचलून निघालं. भाऊजी "अगं, अगं" करत होते. नवरा दारात येऊन उभा राहिला होता, तोंड उघडलं होतं त्यानं, पण जो शब्द तो नेहमी म्हणायचा तो त्या दिवशी त्याला आला नाही.

धाकटी आत गेली आणि लॅपटॉप घेऊन आली. पाटीशेजारी आपटलाच म्हणायचा. कडेचं ॲडाप्टर कार्ड दाबून बाहेर काढलं, लाल दोऱ्याची वायर त्याच्याभोवती गुंडाळली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. मोकळ्या झालेल्या फटीत तिनं भाऊजींचं व्हिजिटिंग कार्ड सरकवलं, लिहिलेली बाजू वर ठेवून. मग वाचवलेल्या रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह मुलीच्या हातात ठेवला. यात बाबा फक्त रागावतात, असं तिनं सांगितलं. मुलीनं चालेल अशी मान हलवली.

"तुमचं कार्ड जागेवर ठेवलंय, भाऊजी," धाकटी म्हणाली. आता ओरडायची गरज नव्हती, सगळं ऐकू जात होतं. "उद्यापासून तुमची कॉपी तुम्ही करा. जुन्या पोर्टातून. सबुरीनं."

लिलाववाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं, आणि काउंटरच्या काचेवर तळहात आपटला. एकदा. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्या थापेला पाटीखालची वायर निसटली आणि नाव विझलं. कुणी ती परत लावायला वाकलं नाही.